दोन बदलांचा कागद

दादा,

तुम्ही गेल्यावर मी एक कागद बनवला, तो तुम्हाला दाखवायचा राहिला. एकाच पानाचा आहे. वर घरमालकाचं नाव, खाली काम कोणतं, नकाशा किती दिवसांत मिळेल, आणि त्याखाली ठळक अक्षरांत एक ओळ: नकाशात दोन वेळा बदल करून मिळतील, त्यानंतर सही झालेल्या नकाशाप्रमाणेच काम होईल. मग सहीची जागा. मंचरला बसून मी घरांचे नकाशे काढते. कामं कसली, तर कुणाचा गोठा, कुणाच्या दोन खोल्या, कुणाचा वरचा मजला. आठ-पंधरा दिवसांची कामं, आणि गिऱ्हाईक म्हणावं तर सगळी आपलीच माणसं. त्यांच्यापुढे कागद ठेवला की ती आधी हसतात. तुम्हीही हसला असता. आयुष्यभर घरं बांधलीत, पण थापी, दोरी आणि ओळंबा सोडून हातात दुसरं काही धरलं नाहीत.

हा कागद आला तो तुमच्याच दोस्तामुळे. डेअरीवर दूध घालून रोज तुमच्याबरोबर चहा प्यायचे, ते काका. तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि महिन्याभरात त्यांनी मला घराचा नकाशा काढायला सांगितला. मी म्हटलं, काय काय हवं ते लिहून द्या. तर म्हणाले, "आपल्यात कसला कागूद, पोरी? तुझ्या बापानं कदी लिहून घेतलं व्हतं का?" तुमचं नाव निघालं म्हणून मी गप्प बसले. मग नऊ वेळा नकाशा बदलला. जिना आत, जिना बाहेर, देवघर इकडे, देवघर तिकडे, मध्येच कुणी वास्तुशास्त्रवाला भेटला आणि बिचारा संडास चारी दिशा फिरून आला. एवढं करून एका लग्नात जेवायला बसल्यावर हेच काका शेजारच्याला सांगत होते, "पोरगी गवंड्याची हाय, पर काम लई रेंगाळवती राव." मी त्यांच्या मागच्याच पंगतीत होते. तशीच ताटावरून उठले. घरी आले आणि कागद टाईप केला. त्यानंतर भांडणं खरंच कमी झाली, हे मान्य करायला हवं. मला त्या कागदाचा अभिमान वाटायला लागला.

तुम्ही कागदाशिवाय कसं निभावत होता, हे मी लहानपणी पाहिलं होतं. डिंभ्याच्या वरच्या अंगाला एक घर घेतलं होतं तुम्ही बांधायला. मी सहावीत असेन, शाळेला सुट्टी होती म्हणून एसटीने मला बरोबर नेलंत. अजून दिसतं सगळं. तुम्ही दोरी लावून जमिनीवर चुन्याच्या फक्कीने अख्खं घर आखता. ही ओटी, हे माजघर, ही दारं. मालक म्हणतो, बरोबर हाय, खणा पाया. तुम्ही कुणाला कुदळ उचलू देत नाही. घरातल्या सगळ्यांना बोलावता आणि पांढऱ्या रेघांच्या आत चालायला लावता. भिंत ओलांडायची नाही, दारातूनच जायचं. पोरं खिदळतात. मालकाची म्हातारी आई चुलीच्या जागी बसते, मान वळवून बघते आणि म्हणते, "हितनं गोठा दिसत न्हाई." तुम्ही पायाने रेघ पुसता, नवी ओढता. ती पुन्हा बसते, पुन्हा मान हलवते. तिसऱ्या रेघेला ती काहीच बोलत नाही, नुसती निवांत बसून राहते, तेव्हा तुम्ही पाया खणायला सांगता. मला भूक लागली होती. मालक आधीच हो म्हणाले होते ना, मग कशाला एवढा वेळ, अशी मी कुरकुर केली. तुम्ही सगळ्यांदेखत डाफरलात, "मालक हो म्हणला. पर जिला दिवसभर हितं बसायचंय, तिनं कुटं म्हणलंय अजून?" मला रडू आलं होतं आणि परतीच्या एसटीत मी तुमच्याशी बोलले नव्हते.

गेल्या वर्षी कळंबला मामाचं नवं घर झालं. मामाला अर्धांग झाल्यापासून तो पुढच्या खोलीत खाटेवर असतो, हाक मारायची तरी जीभ वळत नाही. नकाशा मीच काढला. मामेभाऊ चाकणला कामाला, त्यामुळे सगळं बोलणं फोनवर. त्याने दोन बदल करून घेतले आणि सही केलेल्या कागदाचा फोटो पाठवला. पाया खणायच्या आदल्या दिवशी मामीचा फोन आला. "पोरी, ते सैपाकघराच्या दाराचं जरा..." मी हसत म्हटलं, "मामे, दोन बदल संपले की गं. सही पण झाली. आता तुझ्या लेकाला विचार." ती "बरं बाई" म्हणाली. फोन ठेवला तिने.

वास्तुशांतीनंतर आठवड्याभराने मी जेवायला गेले. मामी पोळी तव्यावर टाकायची, हात पुसायची, दारापर्यंत जाऊन खाटेकडे डोकावायची आणि परत यायची. प्रत्येक पोळीला हेच. दोन पोळ्या करपल्या. मी विचारलं तर म्हणाली, "ओट्यावरनं ते दिसत न्हाईत ना. जुन्या घरात दिसायचे." दार दोन हात डावीकडे घेतलं असतं तर दिसले असते. मी लगेच म्हटलं, भिंत फोडून देते. मामेभाऊ वैतागला, "ताई, नवा रंग, नवी फरशी. व्हईल आईला सवय." आणि मामी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुझा कागूद झाला व्हता, मीच उशीर केला." तो टोमणा नव्हता, दादा. टोमणा असता तर मला सोसला असता.

वर्षभर मी त्या मामेभावाच्या मागे लागले. आता तो रुसत का होईना, तयार झालाय. येत्या रविवारी गवंडी घेऊन जाते आणि सैपाकघराच्या त्या भिंतीत खाटेच्या बाजूला मोठी खिडकी काढते. तुम्ही तिथे हवे होतात. कामासाठी नाही, गवंडी चांगला आहे. मला कुणीतरी चारचौघांत रागवायला हवं आहे. सगळे मला मॅडम म्हणतात, ताई म्हणतात, सही झाल्यावर आभार मानतात. तुमच्यासारखं खडसावणारं माणूस आता माझ्या वाट्याला नाही, आणि त्याची इतकी आठवण येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

हे पत्र कुणाला द्यायचं नाही, म्हणून लिहिते. जुन्या घराची मापं घ्यायला मी गेले होते, तेव्हा मामी भाकरी थापत होती, आणि थापता थापता खाटेकडे बघून मामाशी बोलत होती. तासभर मी ते बघत होते. फोनवर तिने 'दाराचं' म्हटलं, त्याच क्षणी मला कळलं होतं तिला काय हवंय. तिसरा बदल नको, म्हणून मी हसले आणि तिला पुढे बोलू दिलं नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मामी अजून घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, की पोरीची काही चूक न्हाई, मलाच नीट सांगता आलं न्हाई.