कोल्हीचा फोटो

युवराजदादा,

तू दिलेल्या मोबाईलवर पावसाळ्यात मोर काढले, थंडीत काळविटं काढली, समदे फोटो तुला पाठवले. रानात कोल्ही आलीय म्हणून कळवलं, तर आता तिचा फोटो का पाठवत न्हाईस, म्हणून रोज विचारतोस.

फोटो हाय रे. कोल्ही आमच्या ज्वारीच्या बांधावर मरून पडलीय आणि शेजारी ह्यांनी रानडुकरांसाठी लावलेली तार दिसतीय. रात्रभर, पार उजाडेपर्यंत तारेत करंट असतो. तू मित्रांना दाखवशील, फॉरेस्टवाले ह्यांना धरून नेतील. तार काढा म्हणलं, तर म्हणाले, "सुगी होऊ दे की."

संध्याकाळी आरोही म्हणाली, "आई, तारेपलीकडं कोल्हीची पिल्लं उपाशी हायत. पहाटं दूध ठेवून येऊ?"

मी लई ओरडले. मग मोबाईल उघडला, तर त्यात पिल्लांचा फोटो हाय. आज पहाटंचा.

मी काढलेला न्हाय, दादा.

तुझी अंकिता