बग्गीक घोडो खंय

देवबाग, २ सप्टेंबर

चि. निकेत,

आशीर्वाद मागाहून. आधी सांग, बाबागाडी म्हणायला तुझी जीभ कुठे अडली? फोन तू मीटिंग आहे म्हणून कापतोस, म्हणून हे पत्र.

मे महिन्यात तू आबांना सांगितलंस, बग्गी पाठवतो, घरात जागा करा. देवबागात बग्गी म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पर्यटकांना बसवून वाळूत भुर्र पळवतात ती मोटार. आबांना वाटलं, झिलाला, लेकाला, आपले दुखरे गुडघे दिसले. नारळीपुनवेला त्यांनी किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या सगळ्या रापणकरांसमोर सांगितलं की आता दोर ओढणं बास, मी बग्गी चालवणार. आणि रापणीतली आपली जागा वाडीतल्या गुरुप्रसादला देऊन टाकली. आजोबांपासूनची जागा.

काल खोका आला. आबांनी अर्धी वाडी गोळा केली होती. आतून निघाली छत्रीसारखी मिटणारी खुर्ची, खाली चाकं, पुढे प्लास्टिकचं बदक. शेजारच्या सुगंधाकाकीने रिकाम्या खोक्यात डोकावून बग्गीक घोडो खंय म्हणून विचारलं आणि सगळे फुटले. आबा हसले नाहीत. आज सकाळी बाकीचे रापण ओढत होते तेव्हा ते मागच्या दाराला बसून राहिले, दर्याकडे पाठ करून.

भाचीला पापे. तुझ्या वाटणीचा लोभ सध्या बंद आहे.

वर्षाली

लीड्स, १४ सप्टेंबर

प्रिय ताईस सा. न. वि. वि.

इथे सगळे बग्गीच म्हणतात गं. बाळ आडवं झोपतं तो प्रॅम, बसायला लागलं की बग्गी. दुकानाच्या पाटीवर पुशचेअर. तेजस्वीची बहीण अमेरिकेतून स्ट्रोलर म्हणते, आणि माझ्या ऑफिसातला ऑस्ट्रेलियन सगळ्यालाच प्रॅम. बायकोची आणि मेहुणीची त्यावरून फोनवर भांडणं होतात. तोंडात बसलेला शब्द तोंडातून आला, त्यात मस्ती कसली?

आणि आबांनी मला विचारलं होतं. रेतयेत चलतली काय म्हणाले. मी म्हटलं, चाकं मोठी आहेत, मस्त चालेल. किती जणं बसतात म्हणाले. म्हटलं, एकच, पण दोघांचीही मिळते. ते खूश, मी खूश. रापण सोडा असं मी कधी म्हटलं? त्यांना सांग, जाऊन जागा परत मागा, सगळी घरचीच माणसं आहेत. आम्ही डिसेंबरात येतोय. तोवर बग्गी पावसात ठेवू नका.

राग उतरला की लिही. नाही उतरला तरी लिही.

तुझा निकेत

देवबाग, २९ सप्टेंबर

चि. निकेत यास आशीर्वाद.

वर्षाली लिवूक बसली होती, कागद मी ओढून घेतलंय. तुझा पत्र तिना वाचून दाखवला. एका गाडयेक चार नावां, बरा आसा. पण साठी उलटलेलो बापूस ती रेतयेत चलतली काय, किती जणां बसतली असा विचारता, तेव्हा आबानु, तुमका ती कशाक होयी, इतक्या विचारूक खंयचो इंग्रजी शब्द लागता? ता तू मालवणीत विचारलं असतंस तरी माका समाजला असता.

जागा परत माग म्हणतंस. रापणीची जागा म्हणजे एस्टीतली शीट नाय, रुमाल टाकून धरूक. गुरुप्रसादाचा घर आता त्या दोरार चलता. दिलेला मी मागूचंय नाय. आणि घोडो खंय म्हणून रोज आयकून घेवूचंय पण नाय.

देवगडाक बंदरार जाळी शिवूक माणूस होयो आसा. बसून करूचा काम. मी जातंय. वर्षाली रडता आणि तुका गाळी घालता. मी तिका आडवूक नाय.

डिसेंबरात नातीक घेवन ये. तिचो काय गुन्याव नाय. गाडी पुसून माळ्यार ठेवलंय. पण आबा दारात उभो असतलो असा समजा नको. नात बघूची असली तर मीच बोलावीन, माझ्या वेळेर.

बाहेर सुदेशाची रिक्षा हॉर्न मारता. तू आता पानभर लिवतलंस, माका ठावक आसा. वाचूक मी हय नाय. निघालंय.

आबा