पंखा बंद करून

बुधवार, संध्याकाळ

विद्यापीठातून आलो, पण कान अजून एडिटिंगच्या खोलीतच आहेत. माझ्या विद्यार्थिनीने, नवागामच्या वैशालीने, कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या वडिलांवर फिल्म केलीय. शूटिंग संपलं आणि महिन्याभरात ते गेले. आज ती त्यांचा आवाज शोधत बसली होती. मी शिकवलं तसं प्रत्येक शॉटआधी तिने रेकॉर्डिंगमध्ये घरघर नको म्हणून घरातला पंखा बंद केलेला. वडील घामाघूम होऊन गप्प बसलेले. काय शिकवतो मी हे? हेडफोन काढून ती म्हणाली, "सर, पप्पा कुठेच बोलत नाहीत. सगळीकडे मीच सांगतेय, पप्पा, बोलू नका हां, रेकॉर्डिंग चालू आहे."

आत्ता घरातला पंखा फुल्ल सोडलाय. तरी तेच ऐकू येतंय. पप्पा, बोलू नका हां.