तुंगाक्काचा अंगठा

बेळगाव, मंगळवार, १० फेब्रुवारी १९८१

संध्याकाळी रेंजरसाहेब खोलीवर आले आणि माझ्या सर्व्हेचे सगळे फॉर्म घेऊन गेले. "बघून उद्या परत देतो. तुमचा अभ्यासही जंगल राखण्यासाठीच ना?" असं हसून म्हणाले. आणि मी दिले! का दिले? त्यांच्या परवानगीशिवाय खानापूरच्या जंगलात पाऊल टाकता येत नाही, म्हणून?

जंगलावर कुणाचं घर किती चालतं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. राखीव जंगलातून कोण किती मोळ्या आणतं, कुठल्या वाटेनं आणतं, सगळं नावानिशी लिहिलंय. खाली अंगठा. मुलाखती खऱ्या आहेत हे सरांना पटावं म्हणून ही माझीच हुशारी.

काल मोळ्या आणून विकणारी तुंगाक्का अंगठा देताना बिचकलीच होती. "अंगठा कशाला रं लेकरा? फारेस्टवाल्यांस्नी कळलं तर कोयता बी जाईल आन् मी बी."

"न्हाय गं आक्का, फक्त माझ्या सरांना दाखवायला."

माझी आई निपाणीत बिड्या वळते. कागद कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय तिनं कधी कुठं अंगठा दिला नाही. मला शाळेत घातलं तेच मुळी कागद वाचायला.

सकाळी रेंजरकडे फॉर्म मागायला गेलो तर परवानगी जाईल. नाही गेलो तर? तुंगाक्काला आधी सांगू? काय म्हणून सांगू?

साबणानं दोनदा धुतले, तरी बोटांवरची निळी शाई जात नाही. तिचा अंगठा कागदावर टेकेना, ठसा नीट उठेना. मीच तो धरून दाबला.