नव्वद पायऱ्यांची खोली

धाकट्या,

काल कीर्तनात बुवा आईबापाच्या सेवेवर गात होते, तेव्हा तू शेजारी बसून फोनवर खोल्यांचे फोटो बघत होतास. तू आईसाठी ठरवलेल्या त्या कड्यावरच्या हॉटेलला आज मी फोन केला. रस्त्यापासून दारापर्यंत नव्वद पायऱ्या! आईच्या गुडघ्यांना काय पंख फुटलेत? तिला फक्त पडल्यापडल्या समुद्र ऐकायचाय. तिला एका शब्दाने विचारलंस?

त्याच डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राकाठी चार खोल्यांचं घरगुती लॉज मिळालं. मालकीणबाईंनी तळमजल्यावरची स्वतःची खोली दिली, देव त्यांचं भलं करो. आम्ही दुपारच्या बसने निघालो.

तुझी खोली मी रद्द केलेली नाही. आईची उशी राहिलीय, ती आणून दे आणि रोज त्या पायऱ्या चढून झोपायला जा.

ताई