बुडालेल्या बार्जची खूण

३ ऑक्टोबर
दादाची लाँच फुटली! प्रवासी सगळे सुखरूप, देव पावला. पण आपटली कशावर? बुडालेल्या जुन्या मालवाहू बार्जवर. तिची जागा त्याला मीच दिली होती.

४ ऑक्टोबर
बंदराच्या ऑफिसात पोचल्यावर पर्ससुद्धा न ठेवता कपाटातून कागदी नकाशा काढला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत टीप आहेच – हा नकाशा जुन्या डेटमवर, म्हणजे पृथ्वीच्या जुन्या मोजणीवर. आकडे उपग्रहाच्या यंत्रात भरण्याआधी इतके इतके सरकवा. नव्या लोकांना हीच टीप मी टेबलावर बोट आपटून शिकवते!

दादाच्या यंत्रातल्या नकाशात ती बार्ज नाही. नव्या मार्गावर जायचं म्हणून त्याने निघण्याआधी मला फोन केला होता. मी एका हातात चहा घेऊन आकडे जसेच्या तसे वाचले.

"नक्की ना गं, चिमी?"

"डोळे झाकून जा रे!" वर हसले.

दोनशे मीटरची चूक. बिचाऱ्याने पडद्यावरच्या खुणेला व्यवस्थित वळसा घातला आणि थेट खऱ्या बार्जवर गेला.

५ ऑक्टोबर
धक्क्यावर नुसती कुजबुज. "डुलकी लागली असणार." "घेतली असेल थोडी." दादाने! झोप येते म्हणून सर्दीचं औषधसुद्धा न घेणारा माणूस! मी शेजारीच उभी होते, तोंडात मिठाची गुळणी धरून.

७ ऑक्टोबर
दादाकडे गेले. वहिनी म्हणाली, "परवाना गेला ना, तर हे दिवसभर घरात बसून माझ्या फोडणीत खोट काढतील." हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली.

दादा म्हणाला, "माझंच चुकलं असेल कुठेतरी." मी सांगायला तोंड उघडलं – आणि म्हणाले काय, तर "चहा छान झालाय."

लाज वाटते. चूक एकदाच झाली. गप्प मात्र मी रोज बसते आहे.

८ ऑक्टोबर
आजही नाही.

१० ऑक्टोबर
चौकशी होती. सांगितलं! नकाशा, टीप, फोन – सगळं. शेवटपर्यंत बोलले.

चौकशी अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढला. "बाई, भावासाठी जीव तुटतो, समजू शकतो. पण लाँचवरचं यंत्र आम्ही तपासलंय. तुम्ही म्हणता तशी खूण त्यात नाहीच."

दादाकडे पाहिलं. तो खाली बघत बसला होता.

११ ऑक्टोबर
परवाना गेला.

वहिनीने सांगितलं – खूण दादानेच पुसली. आपटल्यावर लगेच, मदतीची बोट यायच्याही आधी. "चिमीचं नाव यायला नको," म्हणाला.

म्हणजे त्या दिवशी मी चहाचं कौतुक करत होते, तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. आणि त्याने विचारलं होतं, "अजून घेतेस का थोडा?"