काथ्याचा पीळ

प्रिय आजोबा,

फोनवर मी चुकीचं सांगितलं. पेशंटच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत निसटलेला स्टेंट सरांनी नाही, मीच काढला. पण तो निसटलाही माझ्याच हातून, म्हणून सरांचं नाव पुढे केलं.

"आता छाती उघडावी लागणार," सर म्हणाले. स्टेंटमधून एक तार गेलेलीच होती. मी स्टेंटच्या बाहेरून दुसरी सरकवली आणि दोन्हींना पीळ दिला, तुम्ही मांडीवर नारळाच्या काथ्याला देता तसा. स्टेंट त्यात अडकून अलगद बाहेर आला!

"कुठे शिकलीस गं?" सरांनी विचारलं.

"आजोबांकडे, लहानपणी सामोआत."

पेशंट जागाच होता. मी चूक कबूल केली, तर हसला. "घालवलास तूच, काढलासही तूच. फिटलं की, पोरी!"

हे पत्र टाकत नाही. रविवारी, ८ जूनला, लोगनला तुमच्या घरी येऊन चर्चनंतरच्या जेवणात सगळ्यांसमोर सांगेन. आधी चूक, मग पीळ.

तुमचीच,
पेनिना